शेतातलं लाकूड रस्त्यावर आणायचं कसं? केनवडच्या तिघांसाठी मशीनचा हिशेब

जून २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठीचे नमुना नियम सगळ्या राज्यांना पाठवले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ऑक्टोबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरण मंजूर केलं. तीन बातम्या तीन वेगळ्या पानांवर छापून आल्या. पण वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या तीन तरुणांनी त्या एकत्र वाचल्या आणि मला विचारलं, "भाऊ, शेतकऱ्यांच्या धुऱ्यावरचा साग तोडून, ओढून, गाडीत भरून द्यायचा धंदा टाकायचा आहे. मशीन कोणती घ्यावी?"

तिघांकडे मिळून एक ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, एक ट्रॉली आहे आणि बँकेकडून कर्ज मिळण्याची शक्यता आहे. मोबाईलवर त्यांनी युरोपातल्या हार्वेस्टरचे व्हिडिओ पाहिलेत. झाड पकडायचं, कापायचं, फांद्या सोलायच्या आणि तुकडे करून बाजूला ठेवायचे, सगळं मिनिटाभरात! बघायला भारीच वाटतं. पण कर्जाचा हप्ता व्हिडिओ बघून फिटत नाही. म्हणून मी त्यांना जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतो. तुमचं गाव केनवड नसलं तरी काळ्या मातीच्या कुठल्याही गावाला हा हिशेब लागू पडेल.

आधी बातम्यांचा अर्थ समजून घेऊ

आपल्या राज्यात १९६४ पासून झाडे तोडण्याचं नियमन करणारा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, मोह, चिंच, खैर, जांभूळ अशी १६ झाडं येतात. ही झाडं स्वतःच्या वावरात असली तरी तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तोडल्यावर लाकूड हलवायचं तर वाहतूक परवाना, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'टीपी', हा पुढचा टप्पा. २९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली देशभरासाठी सुरू केली. खासगी जमिनीवरच्या लाकडासाठी ऑनलाइन अर्ज आणि राज्याची सीमा ओलांडली तरी चालणारा एकच पास, असा तिचा गाभा आहे.

नमुना नियम याच्याही एक पाऊल पुढे जातात. शेतकऱ्याने आपली लागवड राष्ट्रीय इमारती लाकूड व्यवस्थापन पोर्टलवर नोंदवायची: कोणतं झाड, कधी लावलं, किती रोपं, शेताची हद्द नकाशावर. दहापर्यंत झाडं तोडायची असतील तर फोटो अपलोड करून ना-हरकत प्रमाणपत्र. दहापेक्षा जास्त असतील तर नेमलेली संस्था शेतात येऊन पाहणी करेल, लाकडाचा अंदाज देईल आणि मग परवाना. लक्षात घ्या, हे *नमुना* नियम आहेत. राज्याने स्वीकारल्यावरच ते लागू होतात. तोपर्यंत १९६४ चा कायदाच खरा.

मग याचा मशीनशी काय संबंध? फार जवळचा आहे. आज तोडणीच्या धंद्यात सगळ्यात मोठी अडचण ही, की पुढच्या महिन्यात काम कुठे आहे हे कळत नाही. परवानगी कधी येईल त्याचा भरवसा नसतो आणि मशीन उभं राहतं. लागवडीची नोंद झाली, तर कोणत्या गावात किती साग कोणत्या वर्षी तोडणीला येणार हे आधी दिसू लागेल. कामाची यादी आधी तयार असेल तरच मोठं मशीन परवडतं. म्हणून मी तिघांना पहिला प्रश्न मशीनचा विचारलाच नाही. विचारलं, "हंगामात कामाचे दिवस किती?"

हंगाम: कागदावर आठ महिने, हातात मात्र थोडे दिवस

केनवडकडची जमीन काळी आणि बरीचशी भारी. जून ते सप्टेंबर पाऊस. त्या काळात वावरात ट्रॅक्टर घातला की फसलाच. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, पण लगेच हरभरा किंवा गहू पेरला जातो. तूर तर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. पिकातून ओंडका ओढू देणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. म्हणजे मोकळं वावर मिळतं ते साधारण मार्च ते मे. धुऱ्याला लागून पांदण रस्ता असेल तर डिसेंबरपासून काही कामं होतात.

यातून लग्नसराई, सण, परवानगीची वाट, मजूर न मिळणं आणि मशीनची दुरुस्ती वजा करा. पहिल्या हंगामात तिघांच्या हातात ४० ते ६० दिवस आले तरी ते चांगलं समजायचं.

आता हार्वेस्टरचा विचार करू. मध्यम आकाराचं हार्वेस्टर अनुकूल जंगलात तासाला दहा-पंधरा घनमीटर लाकूड सहज काढतं. समजा तिघांना पूर्ण हंगामात १,००० ओंडक्यांचं काम मिळालं आणि एक ओंडका सरासरी ०.२ घनमीटरचा आहे. एकूण २०० घनमीटर. हे काम त्या मशीनला जेमतेम दोन-तीन दिवसांचं. वर्षातले उरलेले दिवस ते कोटीच्या घरातलं मशीन शेडमध्ये उभं राहणार. शिवाय ते बनलंय एकसारख्या, सरळ, ओळीत लावलेल्या जंगलासाठी. धुऱ्यावरचा फांद्या फुटलेला, विजेच्या तारेला टेकलेला साग त्याच्या कामाचा नाही. हार्वेस्टर बाद. त्याच कारणाने जंगलात लाकूड ओढणारं अवजड स्किडरही बाद.

घनफुटाचा घोळ: वखारीचं माप वेगळं, वजन वेगळं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मशीनची ताकद ठरवताना अनेक जण इथेच फसतात.

आपल्या वखारीत गोल लाकूड मोजतात ते चौथाई गोलाईच्या पद्धतीने. गोलाईला चारने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. समजा ओंडक्याची गोलाई ३६ इंच आणि लांबी १० फूट आहे. ३६ भागिले ४ म्हणजे ९ इंच. ९ गुणिले ९ म्हणजे ८१, त्याला १४४ ने भागलं की ०.५६ चौरस फूट. गुणिले १० फूट म्हणजे साधारण ५.६ घनफूट. व्यापारी पैसे देतो ते या ५.६ चे.

पण भूमितीने तोच ओंडका मोजला तर भरतो सुमारे ७.२ घनफूट. म्हणजे वखारीच्या मापापेक्षा जवळपास २७ टक्के जास्त. कापताना बाजूच्या फळ्या वाया जातात, ती तूट या मापात आधीच धरलेली असते. व्यापारासाठी ते ठीक आहे. पण तुमच्या दोरखंडाला, ट्रॉलीच्या टायरला आणि हमालाच्या खांद्याला ही सूट मिळत नाही. त्यांना पूर्ण ७.२ घनफूट पेलावं लागतं.

७.२ घनफूट म्हणजे ०.२ घनमीटर. ताजा तोडलेला साग घनमीटरला जवळपास एक टन भरतो. म्हणजे हा एक ओंडका २०० किलोचा! चार माणसं मिळून कसाबसा उचलतील, पण दिवसभरात असे चाळीस उचलणार नाहीत. वखारीच्या मापावरून वजन काढलं असतं तर १६० किलो वाटलं असतं. ट्रॉलीत ३० ओंडके भरले तर हा फरक १,२०० किलोवर जातो. 'ट्रॉली तीन टनांची, माल पाच टनांचा' असं होतं ते यामुळेच.

लाकूड ओढायचे चार मार्ग

१. बैलजोडी. हसू नका. कोवळ्या सागाची विरळणी असेल, बल्ल्या हलक्या असतील आणि अंतर शंभर-दीडशे फूट असेल, तर बैलजोडी आजही उत्तम. जमीन दाबली जात नाही, डिझेल लागत नाही, अरुंद धुऱ्यावरून ती निघते. गडचिरोलीत तर लाकूड ओढायला हत्ती वापरले जायचे आणि कमलापूरचा हत्ती कॅम्प आजही त्याची आठवण देतो. पण २०० किलोचे ओंडके दिवसभर ओढणं बैलांवर अन्याय आहे, आणि गावात आता जोड्याही कमी राहिल्यात.

२. ट्रॅक्टर आणि साखळी. सगळीकडे हेच चालतं. ओंडक्याला साखळदंड बांधायचा, मागे अडकवायचा आणि ओढायचा. खर्च जवळपास शून्य. पण दोन धोके आहेत. पहिला, ट्रॅक्टरला प्रत्येक ओंडक्यापर्यंत वावरात जावं लागतं, म्हणजे जमीन दाबली जाते आणि ओल असेल तर तो फसतो. दुसरा धोका जिवाचा आहे. साखळी एक्सलला किंवा वरच्या लिंकला बांधली आणि ओंडका खुंटाला अडला, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो मागे उलटतो. ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधायची. यात तडजोड नाही.

३. ट्रॅक्टरवर बसणारं विंच. हे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन पॉइंटवर बसतं आणि पीटीओवर चालतं. ड्रमवर ५० ते ८० मीटर वायररोप असतो. ट्रॅक्टर पांदण रस्त्यावर, टणक जागी उभा करायचा. विंचचा खालचा पत्रा जमिनीत रोवायचा. रोप ओढत ओंडक्यापर्यंत न्यायचा, बांधायचा आणि लाकूड ट्रॅक्टरकडे खेचून आणायचं. लाकडाकडे ट्रॅक्टर न जाता ट्रॅक्टरकडे लाकूड येतं, आणि काळ्या मातीत सगळा फरक इथेच पडतो. ट्रॅक्टर वावरात शिरतच नाही.

४. क्रेनवाली ट्रॉली, जेसीबी किंवा हायड्रा. हे ओढण्यापेक्षा उचलून भरण्याचं काम करतात. ग्रॅपल लावलेली क्रेन-ट्रॉली एकट्या ड्रायव्हरला लाकूड भरू देते. गावात कोणत्याही बॅकहो लोडरला आपण जेसीबीच म्हणतो. ते खुंट उपटायला चांगलं, पण बकेटमध्ये गोल ओंडका टिकत नाही, घरंगळतो. लाकडासाठी वापरायचं तर काटे किंवा पकड बसवलेलं हवं. हायड्रा क्रेन ट्रक भरायला झकास, पण तिला टणक जमीन लागते. भिजलेल्या वावरात ती स्वतःच अडकते.

विंच घेताना पाच प्रश्न

माझा कल विंचकडे आहे हे एव्हाना कळलं असेलच. पण दुकानात गेल्यावर "किती टनांचं?" एवढंच विचारून येऊ नका.

पहिला प्रश्न: ही ओढ रिकाम्या ड्रमवरची की भरलेल्या? ड्रमवर रोप गुंडाळत जातो तसा त्याचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. माहितीपत्रकावर बहुधा मोठा, म्हणजे रिकाम्या ड्रमचा आकडा असतो. ओंडका जवळ येतो, म्हणजे ड्रम भरतो, तेव्हा ताकद सगळ्यात कमी असते.

दुसरा: रोप किती टनांना तुटतो? विंचच्या ओढीच्या निदान दुप्पट हवा.

तिसरा: तुमच्या ट्रॅक्टरला पेलेल का? ४५ एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. त्यावर आठ टनांचं विंच बसवलं तर लाकूड यायच्या ऐवजी ट्रॅक्टरच मागे सरकेल. तीन ते साडेतीन टन पुरे. जास्त ओढ हवी असेल तेव्हा कप्पी वापरा. कप्पीमुळे ओढ जवळपास दुप्पट होते, वेग अर्धा होतो. मात्र जोर दुप्पट झाला की सगळी जोडणीही तेवढीच मजबूत हवी आणि ज्या झाडाला काही बांधाल ते उभं, पक्कं असावं.

चौथा: पीटीओच्या शाफ्टवर गार्ड आहे का आणि ड्रायव्हरच्या बाजूने जाळी आहे का? रोप तुटला की चाबकासारखा परत येतो. जाळीशिवाय विंच फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पाचवा: क्लचची प्लेट, रोप आणि हूक अकोल्याला किंवा वाशीमला मिळतात का? मार्चमध्ये बिघडलेल्या मशीनचा सुटा भाग मे महिन्यात आला तर हंगाम गेला.

आता पैशांचा हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या कोटेशनचे आकडे टाकून हाच हिशेब पुन्हा करा.

समजा विंच ३ लाखांचं. आठ वर्षांनी १ लाखाला विकलं जाईल. म्हणजे वर्षाची घसारा-झीज २५,००० रुपये. अडकलेल्या पैशाची सरासरी २ लाख, त्यावर १० टक्के व्याज २०,०००. दुरुस्ती आणि रोप १५,०००. एकूण वर्षाला ६०,००० रुपये, मशीन चालो किंवा न चालो. ६० दिवस काम मिळालं तर दिवसाला १,००० रुपये. २० दिवसच मिळालं तर ३,०००.

आता समजा क्रेन-ट्रॉली १२ लाखांची, आठ वर्षांनी ४ लाखांना जाईल. झीज १ लाख, सरासरी ८ लाखांवर व्याज ८०,०००, दुरुस्ती आणि विमा ६०,०००. वर्षाला २,४०,००० रुपये. ६० दिवसांत दिवसाला ४,०००, २० दिवसांत दिवसाला १२,०००!

दुसऱ्या बाजूला, भरणीसाठी हायड्रा भाड्याने घेतली आणि डिझेल-ड्रायव्हर वजा करून तिचं भाडं दिवसाला ६,००० पडलं, तर २,४०,००० भागिले ६,००० म्हणजे ४० दिवस. वर्षातून ४० दिवसांपेक्षा जास्त भरणी असेल तरच स्वतःची क्रेन-ट्रॉली घ्यावी. आणि भरणी रोज नसते. चार-पाच दिवस ओढायचं, एक दिवस भरायचं, असंच चालतं. म्हणजे ६० दिवसांच्या हंगामात भरणीचे दिवस दहा-बारा. उत्तर स्पष्ट आहे.

जीएसटीबद्दल एक सूचना. दर कमी झालाय तो ट्रॅक्टरवर. विंच, चेनसॉ आणि क्रेन बिलावर वेगळ्या वर्गात येतात. "आता सगळं पाच टक्के" असं कुणी म्हणालं तर कोटेशनवर एचएसएन कोड आणि दर लिहून घ्या. कर्जासाठी कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे आणि अवजारे भाड्याने देणारी केंद्रं त्यात बसतात. पण लाकूड ओढण्याचं अवजार त्या प्रकल्पात मान्य आहे, हे बँकेकडून लेखी घेतल्याशिवाय विसार देऊ नका. तसंच शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर दुसऱ्याचा माल भाड्याने वाहू लागला की नोंदणी आणि विमा दोन्हींचा प्रश्न येतो. अपघातानंतर विमा कंपनीला विचारण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

७०१ किलोमीटर झाले, अडतं शेवटच्या ३०० मीटरला

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. वाशीम जिल्ह्यातून तो जातो. मालेगावजवळून चढलेला ट्रक नागपूरकडे किंवा मुंबईकडे सुसाट निघतो. पण लाकडाची खरी अडचण महामार्गावर कधीच नव्हती. ती आहे झाडाच्या बुंध्यापासून पांदण रस्त्यापर्यंतच्या ३०० मीटरमध्ये. इथेच सगळ्यात जास्त मजुरी जाते, कंबरडी मोडतात आणि अपघात होतात. व्यापारी शेतकऱ्याला भाव पाडून मागतो, तेव्हा त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं: "काढायला लई खर्च येते."

म्हणून तिघांचा धंदा मला महत्त्वाचा वाटतो. लाकूड रस्त्याच्या कडेला, मोजून, थप्पी लावून उभं असेल तर शेतकरी दोन-तीन व्यापाऱ्यांना बोलावून भाव घेऊ शकतो. झाड उभं असताना ठोक्यात विकलं तर ते जमत नाही. विंचच्या ६०,००० रुपयांतून खरं विकत मिळतं ते हे.

मजुरांचं काय, हा प्रश्नही रास्त आहे. विंच आलं तरी रोप ओढायला, बांधायला, फांद्या काढायला आणि इशारा द्यायला तीन-चार माणसं लागतातच. कमी होतं ते खांद्यावर वाहणं. ते कमी झालेलंच बरं.

मग मी काय सांगितलं?

पहिल्या वर्षी: आहे तोच ट्रॅक्टर, तीन-साडेतीन टनांचं विंच, एक कप्पी आणि दोन चांगल्या चेनसॉ. प्रत्येक चेनसॉमागे हेल्मेट, कानाचं संरक्षण, पायाची संरक्षक पँट आणि बूट. हा खर्च मशीनच्या किमतीतच धरायचा, उरले तर घेऊ असं नाही. भरणी भाड्याने. मोठं कर्ज नाही.

सोबत एक वही. कोणत्या दिवशी किती ओंडके, किती अंतरावरून, किती डिझेल, किती तास वाया गेले आणि कशामुळे, ते रोज लिहायचं. शेतकऱ्याचा सातबारा, झाडांची संख्या आणि परवान्याची प्रत त्याच वहीला जोडायची. परवाना हातात आल्याशिवाय साग, आंबा किंवा मोहाला करवत लावायची नाही, मालक कितीही ओळखीचा असला तरी.

दोन हंगाम सलग भरणीचे ४० दिवस भरले, तर क्रेन-ट्रॉलीचा विचार करा. तोही शेजारच्या गावांतल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीसोबत भागीत जमतो का, हे आधी बघा. बांबूकडे वळायचं असेल तर गणितच वेगळं. तिथे विंच जवळपास कामाचं नाही, लांब ट्रॉली आणि चिपर लागेल. दोन्ही धंद्यांसाठी एकच मशीन शोधू नका.

तिघांपैकी एकाचा चेहरा जरा पडला होता. त्याला मोठं मशीन हवं होतं. मी त्याला एवढंच म्हणालो, की वहीत ४० दिवस भरले की ती वही घेऊनच बँकेत जा. तिथे तुझ्या बोलण्यापेक्षा त्या पानांना जास्त वजन असेल.